मार्चमध्ये भारतातून परत आलं की गाडी सुरूच होत नाही: दरवर्षीच्या दुखण्यावर उपाय

तुळशीची लग्नं लागली की टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनच्या मराठी घरांत भारताच्या तिकिटांची बोलणी सुरू होतात. कुणाच्या भाचीचं लग्न असतं, कुणाचे आईवडील थकलेले असतात, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं आणि इथली थंडी सोसवत नसते. डिसेंबरात गाडी गॅरेजमध्ये लावायची, दार ओढून घ्यायचं आणि होळीच्या आसपास परतायचं. मग मार्चमध्ये ओळखीच्यांचे फोन येऊ लागतात. "दादा, सेल्फ मारला की नुसतं टक्-टक् होतंय." "काका, रिमोटने दारच उघडत नाहीये." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मध्ये दोनशे-अडीचशे डॉलर मोजून नवी बॅटरी टाकलेली असते, तरी तेच.

दुखणं उलटतं कारण दर वेळी बॅटरी बदलली जाते आणि गाडी उभी करून ठेवायची पद्धत तीच राहते. म्हणून इथे बॅटरीवर जरा सविस्तर लिहितो. बाकीच्या गोष्टीही येतील, पण मार्चमधल्या फोनांपैकी बहुतेक फोन बॅटरीचेच असतात.

बॅटरी का उतरते

हल्लीची गाडी कुलूप लावलं तरी पूर्ण झोपत नाही. अलार्म, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर, कॉम्प्युटरची मेमरी, घड्याळ हे सगळं बॅटरीतून थोडा थोडा करंट घेत राहतं. चांगल्या गाडीत तो साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. आपण ३० धरू. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास झाले, ९० दिवसांत जवळजवळ ६५. मध्यम गाडीची बॅटरी ५० ते ७० अँपिअर-तासांची असते. म्हणजे गाडीत काहीही बिघाड नसताना तीन महिन्यांत बॅटरी रिकामी होणारच. नवी घ्या, महागातली घ्या, हिशेब तोच राहतो.

त्यात थंडीची भर पडते. उणे १८ अंशांना लेड-ॲसिड बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला जोर मात्र जास्त लागतो. त्याहून वाईट गोष्ट गोठण्याची. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० च्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं आणि ते उणे १० च्या आसपास बर्फ होतं. बर्फ फुगतो, आतल्या प्लेटा वाकतात, डबा फुगतो किंवा तडकतो. जानेवारीत टोरंटोच्या गरम न केलेल्या गॅरेजमध्ये उणे १० ही काही विशेष थंडी नाही. विनिपेग किंवा एडमंटनकडे तर उणे ३० येतं.

बॅटरी गोठली नाही तरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि तिची क्षमता कायमची घटते. मार्चमध्ये जंप देऊन (दुसऱ्या बॅटरीला केबलने जोडून) गाडी सुरू होते, महिनाभर बरी चालते आणि पुढच्या पहिल्या थंडीत मान टाकते, ती यामुळेच.

'आठवड्यातून दहा मिनिटं गाडी चालू करायला सांगून जा'

हा सल्ला सगळीकडे मिळतो. देणारे प्रेमाने देतात, पण कृपा करून तो पाळू नका.

मघाच्याच गाडीचं बघा. आठवड्याला ती साधारण ५ अँपिअर-तास खाते. शेजाऱ्याने दहा मिनिटं गाडी सुरू ठेवली आणि थंड बॅटरीने उदार मनाने १० अँपिअरने चार्ज घेतला असं मानलं, तरी जमा होतात १.७. त्यातून सेल्फने खाल्लेलं वजा करा. बिचाऱ्याने थंडी वाजते म्हणून हीटरचा पंखा आणि मागच्या काचेचा डिफॉगर लावला असेल तर तेही वजा करा. खातं तोट्यातच राहतं. शिवाय दहा मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. जळलेल्या पेट्रोलमधून निघालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं, ते वाफ होऊन बाहेर पडायच्या आत आपण इंजिन बंद करतो. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर पांढरा लोण्यासारखा थर दिसला तर हे असंच चाललं होतं असं समजा.

सगळ्यात गंभीर गोष्ट जिवाची आहे. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. थंड इंजिन तो जास्त सोडतं, कारण धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत काम करत नाही. या वायूला वास नाही, रंग नाही. गॅरेजचं मोठं दार उघडं ठेवलं तरी तो घरात शिरू शकतो. कुणाचा मुलगा, कुणाचा शेजारी आपल्या गाडीसाठी त्या हवेत उभा राहू नये.

कुणी खरोखर गाडी बाहेर काढून अर्धा-पाऊण तास हायवेवर फिरवून आणणार असेल तर गोष्ट वेगळी. पण मग रस्त्यावरचं मीठ लागतं, विमा पूर्ण चालू ठेवावा लागतो आणि गाडी उभी ठेवण्याला अर्थ उरत नाही.

मग करायचं काय

गॅरेजमध्ये प्लग असेल तर बॅटरी मेंटेनर लावा. कॅनेडियन टायर किंवा कॉस्टकोसारख्या दुकानात नव्या बॅटरीपेक्षा बऱ्याच कमी पैशात मिळतो. साधा जुना चार्जर नको, तो सतत चार्ज करत राहतो आणि बॅटरी शिजवतो. मेंटेनर बॅटरी भरली की आपणच थांबतो, जराशी उतरली की पुन्हा टॉप-अप देतो. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय) असलेल्या बऱ्याच गाड्यांत एजीएम नावाच्या वेगळ्या प्रकारची बॅटरी असते. डब्यावर तसं छापलेलं असतं. मेंटेनरवर तोच मोड निवडा. लाल चिमटा प्लसवर, काळा शक्यतो इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूवर, आणि भिंतीतला प्लग सगळ्यात शेवटी.

"मेंटेनर लावला होता तरी बॅटरी उतरली" असंही ऐकू येतं. अशा वेळी दोष बहुधा प्लगचा निघतो. गॅरेजच्या सॉकेटवर बऱ्याचदा टेस्ट आणि रीसेट अशी दोन बटणं असतात. ओलावा लागला की ते सॉकेट स्वतःहून वीज तोडतं आणि कुणी रीसेट दाबेपर्यंत मेलेलंच राहतं. काही मेंटेनर वीज जाऊन आल्यावर पुन्हा आपोआप सुरू होत नाहीत, बटण दाबावं लागतं. विकत घेताना हे विचारूनच घ्या. लावल्यावर भिंतीतला प्लग काढून पुन्हा घाला आणि दिवा परत येतो का ते बघा.

इथे एक सोय आपोआप होते. हिवाळ्यात घर रिकामं असताना कुणीतरी नियमित येऊन बघून जावं अशी अट बऱ्याच घरविम्यांत असते, नाहीतर पाइप गोठून फुटल्यास भरपाई मिळत नाही. तुमच्यासाठी जी व्यक्ती घर बघायला येणार आहे, तिलाच सांगा: गॅरेजमध्ये डोकावून मेंटेनरचा हिरवा दिवा बघायचा. गाडीला हात लावायची गरज नाही.

कॉन्डोच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये प्लग नसतो. तिथे जायच्या आदल्या दिवशी बॅटरी घरी पूर्ण चार्ज करा आणि मायनसची केबल काढून ठेवा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी मायनस काढायचं, लावताना मायनस शेवटी. सुटलेली केबल कापडात गुंडाळून बाजूला अडकवा, नाहीतर ती आपली परत टर्मिनलला टेकते. केबल काढलेली भरलेली बॅटरी थंडीत महिनोन् महिने टिकते, कारण थंडीत ती आपसूक उतरण्याचा वेगही कमी होतो. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं जातील, जुन्या काही गाड्यांत रेडिओचा कोड लागेल, तो आधीच लिहून ठेवा. आणि बॅटरी डिकीत असलेली गाडी असेल तर डिकी बंद करण्याआधी ती किल्लीने उघडते का, हे पक्कं करा. वीज नसलेल्या गाडीची डिकी लागली की आतली बॅटरी आतच राहते.

तळघरात आणखी एक अडचण येते. हिवाळा सरला की बऱ्याच इमारतींत पार्किंग धुतात आणि त्या दिवशी गाड्या हलवायला लावतात. तेव्हा तुम्ही भारतात असणार असाल तर किल्ली आणि १० नंबरचा पाना दोन्ही कुणाकडे तरी देऊन ठेवा.

रिमोटची किल्ली गाडीजवळच्या खुंटीला टांगू नका. काही गाड्या किल्ली जवळ आहे असं जाणवलं की पुन्हा पुन्हा जाग्या होतात. पत्र्याच्या डब्यात, घराच्या आत ठेवा. चोरांना किल्लीचा सिग्नल पकडता येत नाही हा त्यातला दुसरा फायदा, आणि टोरंटोत गाड्यांच्या चोऱ्या किती होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

महिन्याभरातच बॅटरी उतरत असेल तर

मग मात्र गाडीत काहीतरी जास्त करंट खातंय. आधी बाहेरून बसवलेल्या वस्तू काढा. पार्किंग मोडमधला डॅशकॅम, स्टीअरिंगखालच्या सॉकेटमधला विमा कंपनीचा डोंगल (गाडी कशी चालवता याची नोंद ठेवणारं छोटं यंत्र), ट्रॅकर. निम्म्या वेळा शोध इथेच संपतो.

नाही संपला तर मल्टीमीटर हवा. बॉनेट उघडा आणि कुलपाची कडी स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला बॉनेट लागलंय असं वाटेल. ड्रायव्हरच्या दाराचंही तसंच करा. मल्टीमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मायनस टर्मिनल आणि काढलेली मायनस केबल यांच्या मध्ये जोडा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, त्याला घाबरू नका. गाडीतले कॉम्प्युटर एकेक करून झोपतात, त्याला वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो. आकडा उतरत उतरत ५० मिलिअँपिअरच्या खाली आला तर गाडी ठीक आहे. ३०० वर अडकून बसला तर फ्यूज एकेक करून काढा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. अनेकदा तो डिकीतला किंवा ग्लोव्ह बॉक्समधला न विझणारा दिवा असतो. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो.

हायब्रिडवाल्यांनी गाफील राहू नये. मोठी बॅटरी कितीही भरलेली असली तरी गाडी जागी करते ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी, आणि वर सांगितलेलं सगळं तिला लागू आहे. इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी १०० टक्के भरून ठेवू नका. मध्यम चार्जवर ठेवणं बरं, आणि नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा.

उंदीर

बॅटरीखालोखाल नुकसान करतात ते उंदीर, आणि त्यांचं बिल बॅटरीपेक्षा कितीतरी मोठं येतं. थंडी पडली की गॅरेजमधली गाडी ही त्यांना आयती खोली. केबिनचा एअर फिल्टर त्यांची आवडती जागा. ग्लोव्ह बॉक्स काढून फिल्टर बाहेर ओढला की दिसतं: घड्यांमध्ये बॉनेटखालच्या आवरणाचा करडा कापूस, टिश्यू पेपरचे बारीक तुकडे, बर्डफीडरमधल्या सूर्यफुलाच्या बियांची फोलपटं आणि मधोमध वाटीएवढा खळगा. हीटर लावल्यावर येणारा कुबट, आंबूस वास इथून येतो. वायरींचं आवरण कुरतडलं गेलं तर सेल्फ छान फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा डॅशबोर्डवर एकदम पाच दिवे लागतात.

गाडीतून खाण्याचं सगळं काढा. मुलांच्या सीटखालचे चिवड्याचे कण, चिक्कीचे तुकडे, च्युइंग गम, सगळं. व्हॅक्यूम मारा. आतली हवा फिरवण्याचं बटण लावून गाडी बंद करा, म्हणजे बाहेरच्या हवेची झडप बहुतेक गाड्यांत बंद राहते. सायलेन्सरचं तोंड आणि इंजिनच्या हवेची वाट स्टील वूलने बंद करा, आणि ते केल्याची चिठ्ठी स्टीअरिंगवर चिकटवा, म्हणजे तीन महिन्यांनी आठवण राहील. भिंतीच्या कडेला सापळे लावा. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांचा वास सीटमधून वर्षभर जात नाही. पेपरमिंटचं तेल उडून जातं, एवढ्या लांब मुदतीत त्याच्यावर विसंबू नये.

परतल्यावर लेंड्या किंवा घरटं दिसलं तर कोरडं झाडू नका आणि व्हॅक्यूमही लावू नका. इथल्या डिअर माइस या रानउंदरांमुळे हँटाव्हायरसचा गंभीर आजार होऊ शकतो आणि तो धुळीतून श्वासात जातो. दारं उघडून हवा खेळू द्या, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने टिपून पिशवी बांधून टाका.

बाकीची तयारी

पेट्रोलची टाकी जवळजवळ भरा. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. टाकीत मोकळी हवा जितकी कमी, तितका ओलावा कमी. तीन महिन्यांहून जास्त राहणार असाल तर फ्यूएल स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) घाला. तो पंपावर जाण्याआधी टाकीत ओता, वरून पेट्रोल भरा आणि तसेच घरी या, म्हणजे तो इंजेक्टरपर्यंत पोचतो. ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तर जाण्याआधीच बदला. वापरलेल्या ऑइलमधलं ॲसिड आणि पाणी तीन महिने बेअरिंगवर बसून राहण्यात काही फायदा नाही.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) टेस्टरने तपासा, विशेषतः उन्हाळ्यात त्यात नुसतं पाणी घातलं असेल तर. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असलं की ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही. जास्त कूलंट म्हणजे जास्त सुरक्षित असं मात्र नाही. पाणी न घातलेलं इथिलीन ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं. काच धुण्याचं उन्हाळी पाणी असेल तर ते फवारून संपवा आणि उणे ४० वालं भरा, नाहीतर टाकी आणि पंप दोन्ही तडकतात.

हँडब्रेक ओढू नका. ओलाव्याने पॅड डिस्कला चिकटतात. गाडी पार्कमध्ये, मॅन्युअल असेल तर पहिल्या गिअरमध्ये, आणि चाकांना लाकडाचे ठोकळे. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरा, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. तापमान साधारण साडेपाच अंश उतरलं की एक पीएसआय हवा कमी होते, म्हणजे नोव्हेंबरात बरोबर असलेली हवा जानेवारीत काही पीएसआयने कमी भरते. टायर एका बाजूने चपटे बसण्याची भीती लोकांना फार असते, पण तीन महिन्यांसाठी गाडी जॅकवर चढवायची गरज नाही.

मिठाकडे मात्र नीट लक्ष द्या. पहिला बर्फ पडून रस्त्यावर मीठ टाकलं गेल्यानंतर गाडी उभी करणार असाल तर आधी खालून धुवून घ्या आणि धुतल्यावर थोडी चालवून सुकवा. गरम गॅरेज गाडीला चांगलं असं सगळे धरून चालतात. मीठ लागलेल्या गाडीला ते वाईट आहे. कडक थंडीत गंज बराच मंदावलेला असतो, आणि गरम ओलसर गॅरेजमध्ये तीच गाडी सावकाश खाल्ली जाते. वर प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका, हवा खेळणारं कव्हर घाला किंवा काहीच घालू नका.

विम्याचं कव्हर थांबवून फक्त चोरी, आग अशा गोष्टींपुरतं ठेवता येतं. ऑन्टॅरिओत तशी सोय आहे. पण गाडी लीजवर किंवा कर्जावर असेल तर बँक बहुधा परवानगी देत नाही. आणि कव्हर पुन्हा सुरू झाल्याचं कळेपर्यंत गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही.

परतल्यावर

विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी सकाळी थेट सेल्फ मारू नका. बॉनेट उघडा, घरटं आहे का बघा, स्टील वूल काढा, ऑइल आणि टायरची हवा तपासा. मग मल्टीमीटरने बॅटरी बघा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. रिमोट चालत नसेल तर किल्लीच्या आतच धातूची छोटी किल्ली लपलेली असते, तिने ड्रायव्हरचं दार उघडतं. काही गाड्यांत कुलपाचं छिद्र हँडलवरच्या झाकणाखाली असतं.

बॅटरी उतरलेली असेल तर आधी तिचा डबा नीट बघा. फुगलेला किंवा तडकलेला असेल, किंवा आत बर्फ असल्याची शंका असेल, तर जंप देऊ नका आणि चार्जरही लावू नका. गोठलेली बॅटरी चार्ज करताना फुटू शकते. ती काढून टाका. डबा ठीक असेल तर जंप देण्यापेक्षा चार्जरवर रात्रभर लावलेली बरी. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) हा भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो, रिकामी बॅटरी भरण्याचं ओझं त्याच्यावर टाकलं तर तो फार तापतो. चार्ज झाल्यावर बॅटरी दुकानात नेऊन लोड टेस्ट (भार टाकून ती किती टिकते याची तपासणी) करून घ्या. कित्येक दुकानं ती फुकट करून देतात, आणि नवी घ्यायची की नाही हे अंदाजावर ठरवावं लागत नाही.

गाडी सुरू झाल्यावर एबीएस किंवा स्टीअरिंगचे दिवे लागले तर आधी थोडी चालवून बघा. व्होल्टेज पडल्यामुळे लागलेले दिवे बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप जातात. सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि पाणी येईल, ते तापल्यावर थांबतं. पहिल्या काही ब्रेकला खरखर ऐकू येईल, तो डिस्कवरचा वरवरचा गंज आहे, आपल्याच गल्लीत हळूहळू आठ-दहा वेळा ब्रेक मारला की निघून जातो. टायर चपटे बसले असतील तर पहिल्या काही किलोमीटरमध्ये गाडी थरथरेल आणि टायर तापले की सुरळीत चालेल. अर्ध्या तासाच्या हायवेनंतरही थरथर किंवा खरखर राहिली, किंवा एखादं चाक हाताला बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं, तर बहुधा एखाद्या चाकाचा ब्रेक अडकलाय. तेव्हा गाडी पुढे न दामटता मेकॅनिककडे न्या.